स्वप्नातल्या मनोरंजन कंपनीत पहिली नोकरी: पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनची आखणी

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याला कुठे काम करायला आवडेल असे विचारले, तर पुष्कळदा उत्तरादाखल एखाद्या कंपनीचे नाव येते: डिस्ने, पिक्सार, निन्टेन्डो, नेटफ्लिक्स. तिथे नेमके काय करायला आवडेल, हा पुढचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातले बरेचसे अर्ज फसतात ते इथेच. कंपनीवर प्रेम आहे एवढ्यावर कोणी कोणाला कामावर घेत नाही. एखाद्या विभागात, एखाद्या प्रकल्पासाठी, ठरावीक काम करणाऱ्या माणसाची जागा रिकामी होते आणि ती भरायची असते. म्हणून या लेखातली सारी आखणी एका क्रमाने जाते: आधी काम निवडायचे, ते आपल्याला येते याचा पुरावा तयार करायचा, आणि तो पुरावा योग्य वेळी योग्य माणसासमोर ठेवायचा.

कंपनीचा नकाशा काढा

बाहेरून एकसंध दिसणारी मोठी मनोरंजन कंपनी आतून अनेक कंपन्यांची मिळून बनलेली असते. डिस्नेचे उदाहरण घेऊ. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २००६ मध्ये पिक्सार, २००९ मध्ये मार्व्हल, २०१२ मध्ये लुकासफिल्म आणि २०१९ मध्ये ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा मोठा भाग विकत घेतला. यांखेरीज दूरचित्रवाणी वाहिन्या आहेत, स्ट्रीमिंग सेवा आहे, उद्याने आणि जहाजे आहेत, आणि उद्यानांची रचना करणारा इमॅजिनिअरिंग हा १९५२ पासूनचा स्वतंत्र विभाग आहे, जिथे वास्तुविशारद, यंत्र अभियंते, शिल्पकार आणि ध्वनितज्ज्ञ एकाच प्रकल्पावर काम करतात. या प्रत्येक ठिकाणची भरती, लागणारी कौशल्ये आणि कामाचा वेग वेगळा असतो. त्यामुळे 'मला डिस्नेत जायचे आहे' या वाक्याला भरतीच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. 'मला पिक्सारच्या प्रकाशयोजना विभागात जायचे आहे' या वाक्याला असतो.

नकाशा काढताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्या चित्रपटामुळे तुम्ही एखाद्या स्टुडिओच्या प्रेमात पडलात, त्यातली तुम्हाला भावलेली दृश्ये त्या स्टुडिओने केलेलीच नसण्याची शक्यता असते. पोस्टरवर निर्मात्या स्टुडिओचे नाव असते, पण दृश्यपरिणामांचे (व्हीएफएक्सचे) काम अनेक बाह्य कंपन्यांमध्ये वाटलेले असते. १९७५ मध्ये स्थापन झालेली इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, १९८६ ची फ्रेमस्टोअर, १९९८ ची डीएनईजी ही त्यांतली ठळक नावे. तुमचे खरे स्वप्न अशा एखाद्या कंपनीत दडलेले असू शकते, जिचे नाव तुम्ही अजून यादीत लिहिलेलेही नाही.

हे शोधण्याचा सर्वांत चांगला आणि पूर्णपणे फुकट मार्ग म्हणजे श्रेयनामावली वाचणे. तुम्हाला मनापासून आवडलेल्या दहा कलाकृती घ्या, मग त्या चित्रपट असोत, मालिका असोत वा व्हिडिओ गेम, आणि शेवटची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचा. पदांची नावे एका वहीत उतरवा: लेआउट आर्टिस्ट, रिगिंग टीडी, लायटिंग आर्टिस्ट, कंपोझिटर, स्टोरी आर्टिस्ट, प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर, फोली आर्टिस्ट, म्युझिक क्लिअरन्स. ज्या पदाचा अर्थ कळत नाही त्याचा अर्थ शोधा. शंभरेक पदांमधून तीन पदे अशी निवडा, की ते काम दिवसाचे आठ-दहा तास करण्याची कल्पना तुम्हाला सुखावते. मग त्या पदांवरच्या काही व्यक्तींचा व्यावसायिक प्रवास लिंक्डइन किंवा आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर उलट दिशेने वाचत जा: आज त्या कुठे आहेत, त्याआधी कुठे होत्या, आणि पहिली नोकरी कोणती होती. पाच-सहा प्रवास वाचले की त्यांतल्या समान पायऱ्या दिसू लागतात, आणि त्या पायऱ्या कोणत्याही समुपदेशकाच्या सल्ल्यापेक्षा भरवशाच्या असतात.

हे प्रवास सरळ रेषेत नसतात, हेही त्यातून कळते. पुढे डिस्नेचे मुख्याधिकारी झालेले रॉबर्ट आयगर यांनी सुरुवात केली ती १९७४ मध्ये, एबीसी या दूरचित्रवाणी जाळ्यात, चित्रीकरणाच्या ठिकाणी पडेल ते काम करण्यापासून. १९९६ मध्ये एबीसीच डिस्नेच्या मालकीची झाली आणि ते त्या मार्गाने डिस्नेत आले. संगीत आणि चित्रपट क्षेत्रातले बडे निर्माते डेव्हिड गेफन यांची सुरुवात एका कलाकार-प्रतिनिधी संस्थेच्या टपाल विभागात झाली होती. प्रत्येकाने टपालापासून सुरुवात करावी, असा याचा अर्थ मी काढत नाही. कामाचा प्रवाह जिथून वाहतो त्या ठिकाणी लवकर जाऊन उभे राहण्याला या क्षेत्रात किती किंमत आहे, ते यातून दिसते.

निवडलेल्या कामाचा पुरावा तयार करा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्या, निदान वर्षभर. पदवीचे प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या ओळीत वाचले जाते. पहिल्यांदा पाहिले जाते ते काम. पुरावा कसा असावा हे मात्र पदागणिक पूर्ण बदलते.

ॲनिमेशन, मॉडेलिंग, लायटिंग, कंपोझिटिंग (दृश्याचे वेगवेगळे थर एकत्र जोडणे) अशा कामांसाठी शोरील, म्हणजे निवडक कामाची छोटी चित्रफीत, लागते. तिची लांबी एक ते दोन मिनिटांपलीकडे नको, आणि सर्वोत्तम शॉट सुरुवातीलाच हवा, कारण पाहणाऱ्यासमोर त्याच दिवशी आणखी कित्येक शोरील असतात आणि पहिल्या वीस सेकंदांत त्याचे मत बनू लागते. मध्यम दर्जाचे चार शॉट घालून लांबी वाढवण्यापेक्षा उत्तम तीन शॉटवर थांबणे केव्हाही शहाणपणाचे, कारण पाहणारा तुमचे मोजमाप तुमच्या सर्वांत कच्च्या शॉटवरून करतो; तो शॉट शोरीलमध्ये ठेवणारा माणूस स्वतःचे काम तपासू शकत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतो. शोरीलसोबत प्रत्येक शॉटचा तपशील देणारे पान जोडा: त्यात तुम्ही नेमके काय केले, कोणते सॉफ्टवेअर वापरले आणि इतरांचे काय आहे. गटाने केलेल्या प्रकल्पात सहकाऱ्यांचे काम स्वतःच्या नावावर खपवणे ही या व्यवसायातली मोठी चूक आहे; हे क्षेत्र लहान आहे आणि त्या शॉटवर खरोखर काम केलेली व्यक्ती परीक्षकाच्या शेजारीच बसलेली असू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली असतील तर तेही त्याच पानावर स्वच्छ लिहावे.

एका शोरीलमध्ये सगळे कोंबू नका. मोठ्या स्टुडिओत कामाची विभागणी बारीक असते, म्हणून तिथे एका कौशल्यातली खोली पाहिली जाते. दहा-पंधरा माणसांच्या स्टुडिओला मात्र मॉडेलिंगपासून रेंडरिंगपर्यंत (अंतिम प्रतिमा तयार करण्यापर्यंत) सगळे हाताळणारा माणूस हवा असतो. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन वेगळ्या शोरील करा.

स्टोरी किंवा व्यक्तिरेखा-रचनेच्या कामासाठी पोर्टफोलिओ लागतो, आणि इथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला दिसतो. अर्जदार ज्या स्टुडिओत जायचे त्याच्याच गाजलेल्या पात्रांची चित्रे काढून पाठवतात. स्टुडिओकडे ती पात्रे उत्तम काढणारी माणसे आधीच आहेत. त्यांना पाहायचे असते तुमचे निरीक्षण: प्रत्यक्ष माणसांकडे आणि प्राण्यांकडे पाहून काढलेली जलद रेखाटने, वजन आणि तोल यांची जाण, आणि स्टोरी विभागासाठी असे स्टोरीबोर्ड, ज्यांत एकही संवाद न वाचता प्रसंग समजतो आणि कॅमेरा कुठे आहे हे कळते. स्केचबुकमधली काही कच्ची पाने जरूर ठेवा. तयार चित्रापेक्षा त्या पानांतून विचार करण्याची पद्धत अधिक दिसते.

साधनांच्या किमतीचे कारण आता पूर्वीइतके उरलेले नाही. ब्लेंडर हे ॲनिमेशनचे मुक्तस्रोत (मूळ कोड खुला असलेले) सॉफ्टवेअर २००२ पासून सर्वांना खुले आहे, आणि 'फ्लो' हा लाटव्हियन दिग्दर्शकाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्ये तयार होऊन २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवून गेला. दृश्यपरिणामांसाठीच्या हुडिनीची शिकाऊ आवृत्ती, कंपोझिटिंगच्या नूकची आणि रेंडरिंग करणाऱ्या पिक्सारच्या रेंडरमॅनची अव्यावसायिक वापरासाठीची आवृत्ती, चित्रपट-संपादनाच्या दाविंची रिझॉल्व्हची मूलभूत आवृत्ती या विनामूल्य मिळतात, आणि गेम बनवण्याचे अनरिअल इंजिनही शिकण्यासाठी पैसे न मोजता वापरता येते. पिक्सार आणि खान अकादमी यांनी २०१५ मध्ये मिळून सुरू केलेला 'पिक्सार इन अ बॉक्स' हा विनामूल्य अभ्यासक्रम गणित आणि चित्रपटनिर्मिती यांचा संबंध ज्या सहजतेने उलगडतो, त्याला तोड नाही. तंत्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन.

अभियंत्यांसाठी तर एक फार चांगला मार्ग उघडा आहे आणि तो वापरणारे विद्यार्थी थोडे आहेत. चित्रपट स्टुडिओ ज्या प्रणालींवर चालतात त्यांतल्या अनेक मुक्तस्रोत आहेत: ओपनईएक्सआर हे प्रतिमांचे स्वरूप इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमधून आले, धूर-ढगांसारख्या आकारांची माहिती साठवणारे ओपनव्हीडीबी ड्रीमवर्क्स ॲनिमेशनमधून, रंगव्यवस्थापनाचे ओपनकलरआयओ सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समधून, आणि दृश्यरचनेची देवाणघेवाण करणारे यूएसडी पिक्सारने २०१६ मध्ये खुले केले. यांतले पहिले तीन प्रकल्प आता २०१८ मध्ये स्थापन झालेल्या अकादमी सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली चालतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील त्यांच्या पानांवर नोंदवलेल्या त्रुटी कोणालाही वाचता येतात. आधी दस्तऐवजांतल्या चुका दुरुस्त करा, मग चाचण्या लिहा, मग एखादी छोटी त्रुटी सोडवा. सहा महिन्यांत तुमचा कोड स्टुडिओत काम करणाऱ्या अभियंत्यांनी तपासलेला असेल, त्यांनी केलेल्या सूचना आणि तुम्ही दिलेली उत्तरे सर्वांसमोर असतील, आणि अर्जात त्या पानाचा दुवा द्यायला मिळेल. मुलाखतीच्या फेऱ्यांतून जे ताडून पाहायचे असते, त्यातले पुष्कळसे तिथे आधीच लिहिलेले असते.

निर्मिती-व्यवस्थापनात जाऊ इच्छिणाऱ्याकडे दाखवायला चित्रे नसतात, म्हणून तो गोंधळतो. त्याचा पुरावा म्हणजे पूर्ण केलेले काम: महाविद्यालयीन लघुपट, नाट्यमहोत्सव, अठ्ठेचाळीस तासांची गेम जॅम (ठरलेल्या वेळात गेम बनवण्याचा उपक्रम). किती माणसे होती, किती दिवस होते, काय कोलमडले आणि तरीही काम वेळेवर कसे पोहोचवले, हे वेळापत्रकासह एका पानात मांडा. कारण प्रॉडक्शन असिस्टंट हेच करतो: बैठकांची टिपणे काढतो, कोणता शॉट कोणाकडे अडला आहे याची नोंद ठेवतो आणि उद्याच्या आढाव्यासाठी आज रात्री सगळे जागेवर आहे ना हे पाहतो. नेमकेपणाने लिहिलेले एक टिपण या कामात फार मोलाचे असते.

लेखकांसाठी एक इशारा आवश्यक आहे. मागणी नसताना पाठवलेली पटकथा मोठे स्टुडिओ कायदेशीर कारणांमुळे उघडतही नाहीत, कारण पुढे कल्पना चोरल्याचा दावा होऊ शकतो. तिथे मार्ग जातो तो साहित्य-प्रतिनिधीमार्फत, प्रतिष्ठित लेखन-शिष्यवृत्त्यांमार्फत किंवा मालिकेचे लेखक एकत्र बसून लिहितात त्या लेखकांच्या खोलीत सहायक म्हणून काम करत. तेव्हा पूर्ण आणि पुन्हापुन्हा तासलेल्या दोन पटकथा हाताशी ठेवा, पण त्या भरती विभागाच्या पत्त्यावर धाडू नका.

दारे कधी उघडतात ते समजून घ्या

इंटर्नशिप हा विद्यार्थ्यांसाठीचा सर्वांत रुंद दरवाजा आहे आणि तो पदवीनंतर लवकर बंद होतो. अनेक कंपन्यांच्या इंटर्नशिपसाठी तुम्ही विद्यार्थी असणे किंवा नुकतेच पदवीधर झालेले असणे ही अट असते. अर्जही काम सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी मागवले जातात, त्यामुळे परीक्षा संपल्यावर पाहू असे म्हणणाऱ्याची संधी परीक्षेपूर्वीच गेलेली असते. शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात निवडलेल्या पंधरा-वीस कंपन्यांची तालिका करा आणि गेल्या वर्षी त्यांचे अर्ज कधी उघडले आणि कधी बंद झाले, त्या तारखा भरा. नव्या पदवीधरांसाठी वेगळे कार्यक्रमही असतात. अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीचा पेज प्रोग्राम १९३३ पासून चालू आहे आणि त्यात निवडलेली मुले वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने काम करतात.

नोकरी दुसऱ्या देशात असेल तर एक गोष्ट सगळ्यांत आधी तपासा: त्या देशात काम करण्याचा परवाना. बऱ्याच इंटर्नशिप केवळ त्या देशात काम करण्याचा हक्क असलेल्यांनाच खुल्या असतात आणि जाहिरातीच्या तळाशी तशी ओळ असते. ती न वाचता महिनाभर अर्ज घडवणे हे वाया गेलेले श्रम आहेत. अशा वेळी त्याच कंपनीची तुमच्या देशातली शाखा किंवा तिच्यासाठी काम करणारी बाह्य कंपनी हा अधिक वास्तव मार्ग ठरतो.

इंटर्नशिपपलीकडच्या नियमित जागांचे चक्र प्रकल्पांवर चालते. चित्रपट निर्मितीत शिरला की लोक घेतले जातात, तो संपला की करार संपतात. त्यावर बाहेरचे धक्केही बसतात. २०२३ मध्ये अमेरिकेतील लेखकांचा संप १४८ दिवस आणि अभिनेत्यांचा ११८ दिवस चालला, आणि त्या काळात निर्मिती थांबल्याने ज्यांचा संपाशी थेट संबंध नव्हता अशा हजारो तंत्रज्ञांचेही काम गेले. २०२४ च्या मे महिन्यात पिक्सारने सुमारे १४ टक्के कर्मचारी कमी केले. हे वाचून खचू नका, पण आखणीत ते धरा. यादीत तीन वर्तुळे ठेवा: आतले वर्तुळ स्वप्नातल्या दोन-तीन कंपन्यांचे, मधले त्याच प्रकारचे काम करणाऱ्या मध्यम कंपन्यांचे, आणि बाहेरचे त्याच कौशल्याची गरज असलेल्या शेजारच्या क्षेत्रांचे, म्हणजे जाहिरात, इमारतींची संगणकीय दृश्ये, वैद्यकीय ॲनिमेशन, शैक्षणिक गेम. मधल्या वर्तुळात दोन वर्षे काम केलेला उमेदवार आतल्या वर्तुळाला नवख्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो, आणि श्रेयनामावलीवरून वाचलेल्या प्रवासांत तुम्हाला हे पुन्हापुन्हा दिसेल.

ओळखी कशा कराव्यात

ओळखीशिवाय या क्षेत्रात काही होत नाही, असे म्हटले जाते. पण नुसत्या तोंडओळखीवर माणसे शिफारस करत असतील असे समजू नका. कोणाचे नाव सुचवले की सुचवणाऱ्याची पत पणाला लागते, म्हणून तो ज्याचे काम पाहिले आहे त्याचेच नाव सुचवतो. तेव्हा आधी काम दिसेल अशा ठिकाणी जा. १९७४ पासून भरणारी सिग्राफ ही संगणकीय चित्रणाची परिषद विद्यार्थी स्वयंसेवक घेते, आणि स्वयंसेवकाला व्याख्याने ऐकता येतात, व्यावसायिकांशी बोलता येते. फ्रान्समधला १९६० पासूनचा आनसी महोत्सव ॲनिमेशनसाठी आणि गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स गेमसाठी तशीच महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर त्यांतली मुक्तपणे उपलब्ध असलेली व्याख्याने ऐका.

अनोळखी व्यावसायिकाला पत्र लिहायचे असेल तर ते आठ ओळींचे असावे. त्यांच्या एखाद्या विशिष्ट कामाविषयी एक विशिष्ट प्रश्न विचारा, आणि पहिल्याच पत्रात नोकरी मागू नका. उत्तर आले तर सल्ल्याप्रमाणे बदल करून महिन्याभराने सुधारलेले काम पाठवा. सल्ला मागणारे पुष्कळ असतात, तो अमलात आणून परत येणारे थोडे, आणि तेच लक्षात राहतात. उत्तर आले नाही तर एकदाच आठवण करून थांबावे.

अर्ज आणि मुलाखत

रिझ्युमे एक पानी, साध्या मांडणीचा हवा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकीय प्रणालीतून जातात, आणि सजावटीच्या चौकटी, चिन्हे, कौशल्यांच्या टक्केवारीच्या पट्ट्या यांनी मजकूर वाचला जाण्यात अडथळा येतो. जाहिरातीतले पदनाम आणि कौशल्यांचे शब्द जसेच्या तसे वापरा, अर्थात ती कौशल्ये खरोखर असतील तर. शोरीलचा दुवा उघडतो का, पासवर्ड चालतो का, हे दुसऱ्याच्या संगणकावर तपासा. कव्हर लेटरमध्ये लहानपणापासूनच्या प्रेमाची कथा एका वाक्यात आटोपा आणि उरलेली जागा या पदासाठी तुम्ही काय आणता ते सांगण्याला द्या.

मुलाखतीत हमखास विचारले जाते ते एखाद्या शॉटविषयी किंवा प्रकल्पाविषयी: हा असा का केला, काय जमले नाही, पुन्हा केलात तर काय बदलाल. याची तयारी मोठ्याने बोलून करा. स्टुडिओत डेलीज नावाचा आढावा असतो, जिथे अपुरे काम सगळ्यांसमोर पडद्यावर येते आणि त्यावर सूचना मिळतात. आपल्या कामावरची टीका शांतपणे ऐकून दुसऱ्या दिवशी सुधारणा आणणारा माणूस तिथे टिकतो. मुलाखत घेणारे ते ताडून पाहत असतात, म्हणून त्यांनी एखादी उणीव दाखवली तर बचाव करण्यापेक्षा नेमका प्रतिप्रश्न विचारा.

नकार आला तर त्या कंपनीचे नाव खोडू नका. सहा महिने ते वर्षभराने, निदान दोन नव्या शॉटसह, पुन्हा अर्ज करा. तोच संच पुन्हा पाठवला तर उत्तरही तेच येईल.

होकार आल्यावर

स्वप्नातल्या कंपनीचे नाव वाचले की सावधपणा सुटतो आणि फसवणूक करणाऱ्यांना ते चांगले माहीत असते. नामांकित कंपनी नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागत नाही. पत्र कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आले आहे का ते पाहा, आणि तीच जागा कंपनीच्या अधिकृत करिअर पानावर आहे का ते तपासा.

करारात चार गोष्टी वाचा: मुदत किती, जादा तासांचे काय, श्रेयनामावलीत नाव कोणत्या अटीवर, आणि स्वतःच्या वेळेत केलेल्या कामावर कंपनी हक्क सांगते का. शेवटचा मुद्दा नवखे लोक नेहमी सोडून देतात आणि मग स्वतःचा लघुपट अडकतो. विनावेतन इंटर्नशिप पुढे आली तर तिथे तुमच्या हातून कोणते ठरावीक काम होणार आणि त्यावर कोण देखरेख करणार हे विचारा; स्पष्ट उत्तर न मिळाल्यास नकार देण्यात कमीपणा नाही.

रुजू होताना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. त्यानंतर पडद्यावरचे एखादे चित्र, प्रकल्पाचे नाव, अगदी टेबलाचा फोटो काढतानाही मागे काय दिसते, याचे भान ठेवावे लागते. तुमचे शॉट चित्रपट प्रदर्शित झाल्यावर, निर्मिती विभागाकडून लेखी परवानगी घेऊनच शोरीलमध्ये घाला. ती परवानगी कोणाकडे आणि कशी मागायची, हे काम संपण्याच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे, पहिल्याच महिन्यात तुमच्या कोऑर्डिनेटरला विचारून ठेवा, कारण प्रकल्प संपला की ती माणसेही पुढच्या कामावर गेलेली असतात.